बारा टक्के हवा: लातूर जिल्ह्यातल्या एका हमीभाव केंद्राचा हंगाम

2024-25 च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये. त्याच दिवसांत लातूरच्या सौद्यात दर निघत होता चार हजार ते चव्वेचाळीसशेच्या दरम्यान, आणि ओला माल त्याच्याही खाली जात होता. म्हणजे क्विंटलमागे पाचशे ते नऊशे रुपयांची दरी. सरकारी खरेदी 15 ऑक्टोबरपासून सुरू होणार होती. शेतकऱ्याने सातबारा, पीकपेरा, आधार आणि पासबुक देऊन नोंदणी करायची, मोबाईलवर तारीख आली की माल केंद्रावर न्यायचा, पैसे थेट खात्यात. एवढं सोपं असताना बहुतेकांनी पहिल्या महिन्यात माल अडत्याकडेच घातला. का, याची ही नोंद.

केंद्र होतं औसा-निलंगा पट्ट्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं. नाव देत नाही. शिवाय हे एकाच कंपनीचं प्रकरणही नाही. त्या भागातल्या तीन-चार केंद्रांवर जे घडलं ते एका केंद्रावर घडल्यासारखं मांडलं आहे. गोष्ट सगळीकडे तीच होती, आणि त्यातली माणसं अजून एकमेकांच्या बांधाला बांध लावून आहेत.

कंपनी दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेतली. ही योजना फेब्रुवारी 2020 मध्ये सुरू झाली. मैदानी भागात किमान 300 सभासद, पहिली तीन वर्षं व्यवस्थापन खर्चासाठी 18 लाखांपर्यंत मदत, आणि सभासदाने भरलेल्या भागभांडवलाइतकीच रक्कम सरकारकडून, सभासदामागे 2,000 आणि कंपनीमागे 15 लाखांच्या मर्यादेत. कागदावर ही रचना चांगली आहे. तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात एकेका घराण्याची वर्षानुवर्षं बसलेली सत्ता ज्यांनी पाहिली आहे, त्यांना 'एक सभासद, एक मत' आणि वर दरवर्षी लेखापरीक्षण हे वाचूनच बरं वाटतं.

खळ्यावरून केंद्राकडे

सोयाबीन हे शंभर-एकशे दहा दिवसांचं पीक. काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, नेमकी परतीच्या पावसाच्या तोंडात. 2024 ला सप्टेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, पुढे काढणीतही पाऊस आलाच. कापलेलं सोयाबीन बनीम लावून ताडपत्रीखाली ठेवायचं, उघडीप मिळाली की मळणीयंत्र आणायचं, आणि यंत्र गावात आलेलं असेल त्या दिवशी माल ओला का वाळलेला हे बघत बसायचं नाही, कारण मागे दहा जण नंबर लावून उभे. अशा मालात पंधरा-सोळा टक्के हवा, म्हणजे ओलावा, सहज असते. हमीभावाच्या खरेदीला लागते बारापर्यंत.

हिशेब करून पाहू. सोळा टक्के हवेचं वीस क्विंटल सोयाबीन बारावर आणलं तर 19.09 क्विंटल उरतं. म्हणजे नव्वद किलो पाणी उडून जातं. तरी 4,892 ने त्याचे 93,390 रुपये होतात. तोच माल ओला असताना चार हजारांनी घातला तर 80,000. वाळवण्याचा कष्ट आणि गाडीभाडं धरूनही वाळवणं परवडतं, आणि हे शेतकऱ्याला कळत नाही असं नाही. नडतं ते दुसरंच. वीस क्विंटल पसरायला जागा लागते. पूर्वी प्रत्येकाच्या रानात सारवलेलं खळं असायचं. आता मळणीयंत्र रानातच रास करतं आणि माल थेट पोत्यात पडतो. लोक डांबरी रस्त्यावर एका बाजूला माल पसरतात, रात्री राखणीला झोपतात. तीन-चार दिवस ऊन लागतं आणि आभाळ तर भरून आलेलं.

आणि त्याच पंधरवड्यात हरभऱ्याची पेरणी. रानात ओल आहे तोवर पेरायचं, म्हणजे बी-खताला रोख पैसा आत्ता हवा. सरकारी पैसा कधी? नोंदणीनंतर तारखेचा मेसेज, मग माप, मग माल गोदामात पोचून वखारीची पावती पोर्टलवर चढणार, त्यानंतर खात्यात. अडत्या दुपारी हिशेबाची पट्टी हातात देतो आणि बऱ्याचदा उचल आधीच दिलेली असते. चार हजारांचा दर हा त्या रोखीचा दर होता, सोयाबीनचा नव्हे.

मराठवाड्यातल्या काही जिल्हा मध्यवर्ती बँका धड असत्या आणि गावच्या सोसायटीने हंगामी कर्जाचं वेळेवर नवंजुनं (जुनं फेडून नवं) केलं असतं, तर हा पंधरवडा पार पडला असता. बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे: मालाच्या किमतीच्या 75 टक्के रक्कम, सहा टक्के व्याज, 180 दिवस मुदत. पण तारण ठेवायलाही वाळलेलाच माल लागतो आणि समितीचं गोदाम तालुक्याला.

चाळणी आणि मीटर

केंद्र म्हणजे रस्त्याकडेचं एक पत्र्याचं शेड. बाहेर चाळणी, आत काटा, टेबलावर ओलावा मोजायचं यंत्र. यंत्रावर उभा असलेला मुलगा कृषी पदविकाधारक, गावातलाच, आणि येणाऱ्या दहातले आठ जण त्याच्या नात्यातले किंवा भावकीतले.

"तात्या, साडेचौदा आलंय."

"काल अडतीवर तेरा दावलं की. यंत्र नीट हाय का तुमचं?"

"दुसऱ्या पोत्यातलं घेतो, थांबा."

दुसऱ्या पोत्यातलं तेरा-आठ निघतं, तिसऱ्यातलं पंधरा. पोतं वरून वाळतं, मध्ये ओलं राहतं, आणि नमुना काढायची बोंबी कुठे खुपसली यावर आकडा फिरतो. तात्या यंत्राला शिव्या देतात, मग पोराच्या बापाची आठवण काढतात. शेवटी टेम्पो परत. जाऊन-येऊन भाडं त्यांच्या अंगावर. दोन वेळा परत गेलेला माणूस तिसऱ्यांदा केंद्रावर येत नाही, तो लातूरला जातो.

विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. प्रचारात व्यासपीठावरून सोयाबीनला सहा हजार, सात हजार अशी भाषा चालू होती. नोव्हेंबरच्या मध्यावर, मतदानाला चार-पाच दिवस असताना, केंद्र सरकारने हवेची मर्यादा बारावरून पंधरा टक्क्यांवर नेली, त्या हंगामापुरती. गावात स्वागत झालं. तोवर गरजवंताचा माल विकून झाला होता हे वेगळं.

या सवलतीला एक शेपूट होतं: जास्तीच्या ओलाव्यामुळे होणारा खर्च आणि तूट संबंधित राज्य सरकारने सोसायची. आता पंधरा टक्क्यांचा माल खरेदी केंद्राने घेतला. शेतकऱ्याला पैसे मोजलेल्या वजनाचे. माल ट्रकमध्ये भरला, गोदामाबाहेर रांगेत उभा राहिला. 25 टनांच्या ट्रकमध्ये 50 किलोचे 500 कट्टे, म्हणजे 250 क्विंटल. हवा पंधरावरून फक्त चौदावर आली तरी 2.9 क्विंटल वजन उडतं, म्हणजे 14,200 रुपये. गोदामाच्या काट्यावर हे वजन कमी भरतं आणि पावती तेवढ्याचीच मिळते. राज्याने सोसायची ती तूट मुंबईतल्या पत्रात असते; त्या दिवशी, त्या काट्यावर ती कंपनीच्या नावावर पडते. गोदामावर मालाची प्रत तपासणारा ग्रेडर तर पहिले काही दिवस बारावरच अडून बसला होता. त्याचंही चूक म्हणवत नाही, त्याच्यापर्यंत लेखी काही आलंच नव्हतं.

डिसेंबरात बारदाना, म्हणजे माल भरायची रिकामी पोती, संपला. राज्यभर संपला होता, त्यात या केंद्राचं विशेष काही नाही. पण परिणाम पाहण्यासारखा आहे. तारखेचे मेसेज पोर्टलवरून जातच राहिले, त्यामुळे लोक टेम्पो घेऊन येत राहिले आणि शेडसमोर माल उतरवून बसले. बारदाना येईपर्यंत या मालाची राखण, ताडपत्री, हमालांची बसून हजेरी हे सगळं कुणाच्या खात्यात टाकायचं यावर संचालक मंडळात जी बाचाबाची झाली, तिच्यामुळे एका संचालकाने पुढच्या बैठकांना येणंच सोडलं.

खरेदीची मुदत वाढत वाढत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गेली. राज्यात एकूण 11 लाख टनांच्या वर सोयाबीन खरेदी झालं. महाराष्ट्रापुरता तो मोठाच आकडा, आणि सरकारने तो मिरवला यात गैर नाही. पन्नास लाख हेक्टरच्या आसपास पेरा असलेल्या राज्यात तो पिकाचा छोटा हिस्सा होता, हेही तितकंच खरं.

कंपनीच्या खिशात काय होतं

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही बेरीज. साडेतीनशे सभासदांनी प्रत्येकी हजार रुपये भरले तर साडेतीन लाख. सरकारचे तेवढेच. झाले सात लाख. सोयाबीनच्या एका ट्रकची किंमत 250 गुणिले 4,892, म्हणजे 12 लाख 23 हजार. कंपनीचं सगळं भांडवल एका ट्रकच्या मालाएवढंसुद्धा नाही. आणि या कंपनीने हंगामभर सरकारचा माल हाताळायचा, हमाली-चाळणी-वाहतूक आधी पदरची करायची, तूट सोसायची, आणि कमिशनची वाट बघायची. ते कमिशन गोदाम, केंद्रं मंजूर करणारी नोडल संस्था आणि केंद्रीय यंत्रणा यांचे हिशेब जुळल्यावर येतं. जूनच्या पेरणीपर्यंत ते पूर्ण आलं नव्हतं.

बँकेकडे खेळतं भांडवल मागितलं तर ती तारण मागते. योजनेत दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला पतहमीची सोय आहे, पण बँकेला मागच्या वर्षांचे ताळेबंद आणि नफा दिसायला हवा, आणि हमीभाव केंद्र चालवून नफा दिसत नाही. मग संचालकांपैकी दोघांनी स्वतःच्या नावावर पैसे उचलले. एकाने सोनं ठेवलं. ते घरात अजून सांगितलेलं नाही.

तिसरं वर्ष संपताच व्यवस्थापन खर्चाची मदत थांबली आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने लातूरच्या एका निविष्ठा (बी-खतं-औषधं) कंपनीत नोकरी धरली. शिकलेला, पोर्टल हाताळणारा, अधिकाऱ्यांशी फोनवर बोलू शकणारा तोच एक होता. आता काम पाहतो तो मीटरवरचा मुलगा.

वरच्या पातळीवर याच हंगामानंतर नोडल संस्थांचा प्रश्न उघडा पडला. त्यांची संख्या वाढत गेली होती, केंद्र मंजूर करण्यासाठी पैसे मागितल्याच्या तक्रारी येत होत्या, आणि 2025 मध्ये राज्य सरकारला त्यात हात घालावा लागला. उत्पादक कंपन्यांची संख्या मोजली तर महाराष्ट्र देशात पुढे आहे. त्यातल्या कितींना हमीभावाशिवाय स्वतःचा धंदा आहे, हा प्रश्न विचारला की बैठकीत लोक चहा मागवतात.

दर पडला का, आणि त्यात कंपनी कुठे

शंभर किलो सोयाबीनमधून साधारण अठरा किलो तेल निघतं, उरते ती पेंड. त्यामुळे सोयाबीनचा भाव तेलाइतकाच पेंडीवर ठरतो. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं प्रभावी आयात शुल्क 5.5 वरून 27.5 टक्क्यांवर नेलं. तेल महागलं, सोयाबीन फारसं हललं नाही. कारण मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा पशुखाद्याच्या बाजारात स्वस्तात येत होता आणि पेंडीची जागा खात होता. एका खात्याने शुल्क वाढवून शेतकऱ्याला हात दिला, दुसऱ्या खात्याच्या इथेनॉल धोरणाने तो काढून घेतला. पुढे मे 2025 अखेर कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा 16.5 टक्क्यांवर आणलं.

2021 ची आठवण तर गावात कुणीही सांगेल. जुलै-ऑगस्टमध्ये लातुरात दर दहा हजारांच्या आसपास गेला होता. ऑगस्टमध्ये 12 लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या पेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली, ऑक्टोबरमध्ये साठा मर्यादा आल्या, आणि नवा माल बाजारात येईपर्यंत दर पाच-साडेपाच हजारांच्या घरात होता. 20 डिसेंबर 2021 ला सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले, ते मुदतवाढीवर मुदतवाढ घेत बंदच राहिले. काही उत्पादक कंपन्या त्या आधी वायदेबाजारात दर बांधून घ्यायला शिकत होत्या. ती शाळा भरल्या वर्गानिशी बंद झाली.

हे सगळं कंपनीच्या हाताबाहेरचं, आणि म्हणूनच सांगायचं. कंपनीला साठवायला सांगायचं, मूल्यवर्धन करायला सांगायचं, आणि त्याच वेळी साठवणाऱ्याला कधीही मार बसेल असं धोरण ठेवायचं, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. महाराष्ट्राने असा एक प्रयोग आधी करून पाहिला आहे. 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. हेतू उदात्त होता, निवडणुका जवळ आल्या की दर वाढत गेले, तोटा संस्थेच्या पुस्तकात साचत गेला, आणि 2002 च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना दार उघडावं लागलं. तेव्हा तोटा निदान राज्य पातळीवरच्या महासंघाच्या नावावर साचला. आता तो साडेतीनशे सभासदांच्या कंपनीच्या नावावर साचतो आहे, आणि इतका बारीक की विधिमंडळात कुणी प्रश्नही विचारणार नाही.

यावर भावांतराचा उपाय सुचवला जातो: माल बाजारात विका, फरक सरकार खात्यात टाकेल. मध्य प्रदेशने 2017 मध्ये ते केलं आणि 2025 मध्ये सोयाबीनसाठी पुन्हा आणलं. बारदाना नको, गोदाम नको, मीटरची भांडणं नकोत. तरी मला ते लातूरसाठी पटत नाही. फरक सरकार देणार हे ठाऊक झालं की खरीददार सौद्यात हात आखडता घेतात, 2017 मध्ये तिथे हीच ओरड झाली. महाराष्ट्रानेही 2023 च्या हंगामासाठी सोयाबीन-कापसाला हेक्टरी 5,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत, नंतर वाटले. ते पैसे शेतकऱ्याच्या कामी आले, पण त्यातून एकही शेड उभं राहिलं नाही.

मला पटते ती उलटी वाट. खरेदी गोदामाच्या दारातच व्हावी, तिथल्या एकाच मीटरवर, एकाच काट्यावर. शेतकऱ्याने वाळवलेला माल ठेवावा, इलेक्ट्रॉनिक वखार पावतीवर त्याच दिवशी सत्तर-पंच्याहत्तर टक्के उचल मिळावी, आणि सरकारने हवा असेल तेव्हा ती पावतीच हमीभावाने विकत घ्यावी. वखारींचं नियामक प्राधिकरण आहे, 2007 चा वखार कायदा आहे, राज्य वखार महामंडळ आहे. उत्पादक कंपनीने मग दोनच कामं करावीत: गावात माल वाळवून-चाळून देणं आणि एकत्र करून गोदामापर्यंत नेणं. त्याचं ठरलेलं शुल्क घ्यावं, ते कमिशनसारखं लोंबकळत ठेवू नये. ओलाव्याची आणि डागी दाण्यांची मर्यादा पेरणीच्या आधी जाहीर व्हावी, सौदा बसल्यावर नाही. यातली मोठी अडचण गोदामांची: गावापासून हाकेच्या अंतरावर मान्यताप्राप्त गोदाम असलेली गावं मराठवाड्यात थोडी, आणि कंपन्यांना अनुदानावर मिळालेल्या शेडपैकी बरीच नियामकाच्या अटींत बसत नाहीत.

पुढचा हंगाम

2025 च्या उन्हाळ्यातल्या वार्षिक सभेत कंपनीने दोन गोष्टी ठरवल्या. मिळालेल्या कमिशनच्या हप्त्यातून शेडमागे सिमेंटचा ओटा घातला, माल पसरायला. आणि ओलावा मोजायची काही लहान यंत्रं घेऊन गावोगावच्या सभासदांकडे ठेवली. टेम्पो भरण्याआधी गावातच मोजायचं, बाराच्या वर असेल तर निघायचंच नाही. ही यंत्रं केंद्रावरच्या यंत्राशी दर सोमवारी ताडून पाहायची, हा मुद्दा एका सभासदाने मांडला आणि तोच सगळ्यात कामाचा ठरला, कारण भांडणं आकड्यापेक्षा दोन यंत्रांच्या फरकावरून होत होती.

मग सप्टेंबर 2025 आला. तेरणा-मांजरा-सीनेला पूर आले, धाराशिव, बीड, लातूर या जिल्ह्यांत उभं पीक पाण्यात गेलं. जे वाचलं ते डागी, कोंब फुटलेलं, काळपटलेलं. ओट्यावर वाळवून हवा बारावर येते, डाग जात नाही. हमीभाव त्या वर्षी 5,328 होता, नोंदणीला अंगठ्याची पडताळणी आली होती, आणि घरातली म्हातारी माणसं खातेदार असल्याने त्यांना टेम्पोत मालाबरोबर बसवून आणावं लागत होतं.

कंपनीने केंद्र घेतलं. सोडलं असतं तर पुढच्या वर्षी मिळण्याची खात्री नव्हती आणि आधीचं येणंही अडकलं असतं. या वेळी मात्र मापाच्या आधी प्रत्येक शेतकऱ्याकडून एका कागदावर सही घेतली जाते: गोदामात नाकारलेला माल ज्याचा त्याने स्वखर्चाने परत न्यायचा, वजनातली तूट त्याच्या रकमेतून वजा. पैसे थेट खात्यात जातात, तर वजा कुठून करणार, हे कुणी विचारलं तर मीटरवरचा मुलगा म्हणतो, "काका, सही करा, बघू पुढं." त्या कागदाला किती वजन आहे हे कंपनीने आपल्या सनदी लेखापालांना विचारलं आहे. त्यांनी वकिलाकडे पाठवलं आहे.